कोकिळेचं खमीर

वडनेर भोलजी
दि. ९ फेब्रुवारी १९६४

सौ. कोकिळा हिला,

लग्नाला चार वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे मायना काय लिहावा इथंच अडलो. भाऊंना विचारलं असतं तर बापाच्या सवयीनं अनेक आशीर्वाद लिही म्हणाले असते. माझे आशीर्वाद तुला नको असतील, म्हणून ते सोडून दिलं.

काम असं की पावाचं खमीर बिघडलं आहे. चार दिवसांपासून वर काळपट पाणी साचतं. वास दारूसारखा येतो, नाकाला झोंबतो. पूर्वी सकाळी कणीक घातली की दुपारपर्यंत मडक्याच्या गळ्याशी यायचं, आता बोटभरही चढत नाही. पाव दडस होतात, विटेसारखे. पुलाच्या कामावरचा मुकादम म्हणाला, तुमचे पाव असेच येऊ द्या, खांब लवकर उभे राहतील. मजूर हसले. मीही हसलो.

मी सहा वर्षं भुसावळला भट्टीवर काढली, हे तू माझ्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहेस. पण तिथं खमीर उस्ताद स्वतः पाहायचे. मी लाकडं भरायचो, पत्रे ओढायचो. खमिराचं मला त्याच्या वासापलीकडे काही कळत नाही, हे आता कबूल करतो. माय मडक्याला हात लावत नाही. ते तिचं आहे, तिलाच विचार, म्हणते. म्हणून विचारतो आहे.

तू माहेरी गेलीस त्याला दोन महिने झाले. रुख्मिणी गेली त्याला दोन महिने आणि चार दिवस. तू का गेलीस हे मला समजत नाही, असं वाक्य आधी लिहिलं होतं. ते खोडलं. खोडलेलं दिसत असेल.

सात महिन्यांचं लेकरू, डबा झाला, छाती भरली आणि तीन दिवसांत आटोपलं. आपल्याकडे दात न आलेल्या लेकराचं सुतक नसतं. पुरून यायचं, अंघोळ करायची, संपलं. दात आलेला असला तर तीन दिवस धरतात. चूल बंद, घरातलं शिजलेलं आणि आंबलेलं सगळं बाहेर, मातीची भांडी फोडायची. मी आणि भाऊ शेताच्या बांधावरून परत आलो तेव्हा माय चुलीत काड्या सारत होती. तू दाराला धरून उभी होतीस. तू म्हणालीस, "चूल पेटवू नका. तिले दात होता. मले लागला तो." माय म्हणाली, दुःखात बाईला काहीही वाटतं. मग भाऊंनी मला विचारलं, "शालिग्राम, लेकरू तुह्या मांडीवर होतं. तुले दात दिसला काय?" मी म्हणालो, "नाही. मले नाही दिसला."

चूल पेटली. खमिराला त्या संध्याकाळी कणीक मीच घातली, कारण दुसऱ्या दिवशी पुलावर पहिले पाव जायचे होते. तू पाहत होतीस.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं. अंतर्देशीय पत्राची एक बाजू कोरी राहिली होती.

शालिग्राम


दि. २४ फेब्रुवारी १९६४

कोकिळा,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली नाव नाही, पण अक्षर ओळखलं. वरचं पाणी ओतून द्या, वरचा थर काढून टाका, तळचं दोन चमचे घ्या, मडकं धुऊन त्याच मडक्यात ठेवा, जेवढं खमीर तेवढी कणीक आणि तेवढंच पाणी, दिवसातून दोनदा. आणि शेवटी लिहिलं आहेस की तुम्ही टाकत नाही म्हणून ते उपाशी राहतं.

खरं आहे. रोज अर्धं काढून म्हशीला घालायचं, हे मला जमत नव्हतं. चांगली कणीक म्हशीला कशी घालायची? म्हणून मी सगळंच ठेवत गेलो आणि वरून मूठभर कणीक घालत गेलो. मडकं भरलं आणि आतलं आंबून बसलं. तू सांगितलं तसं केलं. तिसऱ्या दिवशी तांब्यातल्या पाण्यात चिमूटभर टाकून पाहिलं. तरंगलं. पाव नीट झाले. मुकादम काही बोलला नाही, म्हणजे बरे झाले असावेत.

तू हे पहिल्यांदा केलंस ते आठवलं. भुसावळहून मी डब्यात आणलेलं खमीर महिन्याभरात मेलं होतं आणि मी भट्टी मोडायला निघालो होतो. तू आपल्या गव्हाची जाडी कणीक घेतलीस आणि विहिरीचं पाणी, दुसरं काही नाही. मी विचारलं होतं, यात जीव कुठून येणार? दुसऱ्या दिवशी चार बुडबुडे आले. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की भाऊ उंदीर शोधत माळ्यावर चढले. चौथ्या दिवशी सगळं गप्प. मी म्हणालो टाकून दे. तू म्हणालीस, गप्प बसलं म्हणजे मेलं असं नसतं, थांबा. सहाव्या दिवशी मडक्यावरचं फडकं वर उचललं गेलं होतं. तुला तेव्हा तिसरा महिना होता. तू मला हाताला धरून दाखवायला नेलं होतंस.

कार्डावर तुझ्या तब्येतीचं काही नव्हतं. तुझ्या दादांकडे, वामनरावांकडे, सगळे बरे असतील.

शालिग्राम


दि. १० मे १९६४

कोकिळा,

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

ऊन फार आहे. खमीर दोन तासांत चढतं आणि तिसऱ्या तासाला खाली बसतं. म्हणून सकाळी कणीक घातल्यावर मडकं ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीतून विहिरीत सोडतो, पाण्याच्या हातभर वर. दुपारी काढतो. हे माझं मी शोधून काढलं. तुला सांगावंसं वाटलं. रेशनवर लाल गहू येतो आहे, परदेशी. त्याची कणीक चिकट होते, पाणी कमी लागतं. खमिराला मात्र घरचाच गहू घालतो. लाल गव्हावर ते रुसतं.

पुलाचं काम चालू आहे. पाव रोज जातात. भाऊ भाजीचे वाफे पाहतात, मी भट्टी पाहतो, माय घर पाहते. तिघेही जेवायला एकत्र बसतो. वांग्याचं पीक बरं आहे.

आज तिला एक वर्ष झालं असतं. सकाळी लक्षात आलं. मला वाटलं होतं की या दिवशी तरी काही होईल, डोळ्यांत पाणी येईल. काही झालं नाही. पाव भाजले, टोपल्या भरल्या, सायकलला बांधल्या. मला डिसेंबरापासून काहीच वाटत नाही. भूक लागते, झोप लागते. भट्टीवर हात भाजला तर भाजल्याचं कळतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं भाजल्यासारखं. वैद्याला दाखवावं असं हे दुखणं नाही. तुला सांगतो आहे, कारण तुला काय वाटतं ते मला माहीत नाही.

माझ्यावर तुझा राग असणार. मी दिसला नाही म्हणालो, ते खोटं नव्हतं. मी तिच्या तोंडात पाहिलं नव्हतं.

शालिग्राम


दि. २८ जून १९६४

कोकिळा,

तुझं उत्तर नाही. खमीर बरं आहे.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं.

शालिग्राम


दि. १९ जुलै १९६४

कोकिळा,

काल वामनराव येऊन गेले. मलकापूरला बियाणं घ्यायला आले होते, तिथून वाट वाकडी करून आले. मायनं चहा ठेवला तर नको म्हणाले. भट्टीजवळ लाकडांवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

ते म्हणाले की तू गल्लीतल्या लेकरांना जवळ घेतेस आणि त्यांच्या तोंडात बोट घालून पाहतेस. सहा-सात महिन्यांचं लेकरू दिसलं की सोडत नाहीस. त्याची हिरडी चाचपतेस, मग स्वतःचं बोट बघत बसतेस. आता बाया तुला पाहिलं की लेकरं आत नेतात. वामनरावांच्या बायकोनं तिच्या धाकट्याला तुझ्याजवळ ठेवणं बंद केलं. मग ते म्हणाले, "दाजी, ती मला रोज इचारती, दादा, मला भासच झाला असंल का? मी काय सांगू तिला?" येत्या अमावस्येला तुला कुणाकडे तरी बाहेरचं बघायला नेणार आहेत. चुलत्यांनी ठरवलं आहे. ते मला विचारायला आले नव्हते, नवरा म्हणून कळवायला आले होते.

ते उठले, सायकलवर टांग मारली आणि गेले. आज हे लिहितो आहे. उद्याच्या टपालात पडायलाच हवं.

तुला भास झालेला नाही. दात होता.

तिला ताप भरायच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. मंगळवार होता. तू धुणं घेऊन विहिरीवर गेली होतीस, ती पाळण्यात रडत होती. मी पीठ मळत होतो. हात धुवायचा कंटाळा केला आणि तसंच पिठाचं बोट तिच्या तोंडात दिलं. ती गप्प झाली, चोखायला लागली. मग चावली. मी बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा चावली. मी हसलो. संध्याकाळी तुला सांगायचं ठरवलं होतं. तुझं बोट धरून दाखवणार होतो, जसं तू मला खमीर दाखवलं होतंस. संध्याकाळी मुकादम आला, पुलावरच्या पावांचं नक्की करून गेला, मी त्यातच राहिलो. दुसऱ्या दिवशी ताप आला. मग ते राहूनच गेलं.

भाऊंनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी दुःखात होतो म्हणून चुकलो, असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. माझं डोकं अगदी जागेवर होतं. मी हो म्हणालो तर सुतक लागेल. सुतक लागलं तर खमीर जाईल. नवं व्हायला सहा दिवस, आणि तेही झालं तर. तोवर मुकादम मलकापूरच्या भट्टीवाल्याकडे जाईल. एवढा सगळा विचार मी भाऊंनी विचारल्यावर आणि नाही म्हणण्याआधी केला. मधे फार वेळ गेला नसेल, पण तेवढ्यात तो झाला. तू माझ्याकडे पाहत होतीस. तू वाट पाहत होतीस, हे मला समजलं होतं.

नंतर मी स्वतःला सांगत राहिलो की मी तोंडात पाहिलं नव्हतं, म्हणून दिसला नाही हे खरंच आहे. मे महिन्यात तेच तुलाही लिहून पाठवलं. त्याची मला लाज वाटते. डिसेंबरानंतर पहिल्यांदा काहीतरी वाटतं आहे, ते हेच आहे.

हे पत्र वामनरावांना वाचून दाखव. चुलत्यांनाही दाखव. तुला कुणाकडे न्यायची गरज नाही. न्यायचंच असेल तर मला न्यावं.

शालिग्राम


दि. ९ ऑगस्ट १९६४

कोकिळा,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. दोनच ओळी आहेत. कुठला दात ते लिहा. घरात सांगितलं का.

दुसऱ्या ओळीचं उत्तर आधी देतो, कारण मंगळवारपर्यंत ते नाही असंच होतं. तुला पत्र टाकून मी मोकळा झालो होतो. घरात सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून आलं.

बुधवारी सकाळी सांगितलं. भाऊ आणि माय ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होते, बाजार होता. मी उभ्यानंच सांगितलं. रुख्मिणीला दात होता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, आणि पावांसाठी बोललो. मायच्या हातातली जुडी सुटली. ती म्हणाली, "आता काऊन सांगून राह्यला रे? आठ महिने झाले. आता सांगून काय होते?"

भाऊंनी हातातली जुडी पुरी बांधली, खाली ठेवली. मला वाटलं ते मारतील. लहानपणी मारायचे तसं मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले, घागरीतून तांब्या भरून आणला आणि चुलीवर ओतला. डाळ शिजत होती, तिच्यासकट. माय ओरडली. भाऊ म्हणाले, "परमुलखातून मेल्याची बातमी उशिरा आली, तर आली त्या दिवसापासून सुतक धरतो आपण. या घरात बातमी आज आली. आजपासून तीन दिवस."

तुला भाऊ माहीत आहेत. त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. मायनं उठून घागर रिकामी केली.

मी मडकं उचललं. सकाळीच कणीक घातली होती, फडक्याला टेकायला आलं होतं. तुझं खमीर होतं, तुला विचारायला हवं होतं. पण तू तेव्हाच सांगितलं होतंस, ते मी आता केलं. बांधावर नेलं, तिच्यापासून चार पावलांवर खड्डा केला, त्यात ओतलं आणि मडकं दगडावर फोडलं. वास सुटला, आंबट, नेहमीचा. मी तिथं बसलो. रडायला आलं, ते मोठ्यानं आलं. शेजारच्या वावरातून तानाबाई पाहायला आली की कुणाला विंचू चावला काय. मी सांगितलं सुतक आहे. तिनं विचारलं कोण गेलं. मी म्हणालो मुलगी. ती परत गेली आणि दुपारी तिच्या घरून आमच्यासाठी पिठलं-भाकरी आली. आपल्या घरी चूल नव्हती ना.

मुकादमाला निरोप पाठवला. तो मलकापूरला गेला. आजही तिकडूनच पाव घेतो आहे. घेऊ दे.

तिसऱ्या दिवशी माय माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याआधीची दोन लेकरं गेली ते तुला माहीत आहे, म्हणून तर भाऊंची आई मला नावानं हाक मारत नसे, नजर लागू नये म्हणून धोंड्या म्हणायची. त्या दोघांचंही सुतक धरलं नव्हतं. माय म्हणाली, "त्याईच्या तोंडात कोनी बोट घालून पाह्यलं? मीबी नाही पाह्यलं. मले सांगतलं दात नव्हता, मी म्हटलं नव्हता." मग म्हणाली, कोकिळेला लिही की मी तिला खोटं पाडलं, तेव्हा मला वाटलं बाईनं असंच गप्प राहायचं असतं. आणखीही काही म्हणणार होती, पण उठून गेली. तिचं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. काल अंघोळी झाल्या. चूल पेटली. भट्टी मी पेटवलेली नाही.

तू ये असं या पत्रात लिहीत नाही. तो अधिकार मी स्वतःच घालवला आहे. वामनरावांना सांग, अमावस्येला तुला कुणाकडे नेलं नाही हा त्यांचा निरोप मिळाला, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत.

आता तुझ्या पहिल्या ओळीचं उत्तर. खालचा. समोरचा, तिच्या उजव्या हाताच्या बाजूचा. तांदळाच्या कणीएवढाच वर आला होता, पण कड धारदार होती, माझ्या बोटाला दोन दिवस वण राहिला होता. त्याच्या शेजारची हिरडीही कडक लागली होती. दुसरा यायचा होता.

शालिग्राम